विश्वामित्रीकाठची आगंतुक झाडं: ओळखायची कशी, कळवायची कुठे

बडोद्यात नदीकाठी काय वाढतंय असं कुणालाही विचारा, उत्तर येतं: झाडी. काळा घोडा पुलावरून खाली पाहिलं तर ते पटतंही, कारण वरून सगळं एकसारखं हिरवं दिसतं. पण त्या हिरव्यात करंज आहे, देशी बाभूळ आहे, पाणकणीस आहे, लव्हाळे आहेत. आणि त्यांच्यात घुसून त्यांचीच जागा घेणारी वेडी बाभूळ, बेशरम आणि जलपर्णीही आहे.

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर ‘नदी साफ करा’ हा आग्रह शहरात वाढला, आणि तो रास्त आहे. अडचण मागणीच्या शब्दांत आहे. ‘नदीकाठी फार झाडी माजली आहे, साफ करावी’ अशी अरजी गेली की जेसीबी येतो आणि सरसकट फिरतो. माझ्या ओळखीतल्या एका सोसायटीमागे असंच झालं. वेडी बाभूळ गेली, तिच्याबरोबर चांगले जुने करंजही गेले. उघड्या पडलेल्या मातीवर पुढच्या पावसाळ्यानंतर सगळ्यांत आधी उगवली ती वेडी बाभूळ आणि गाजरगवतच. म्हणून नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांना माझं पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं सांगणं: काय काढायचं याच्याइतकंच स्पष्टपणे काय ठेवायचं हेही कळवा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

## १. आधी मगरींचा विचार, मग झाडांचा

पावागडावरून येणारी ही नदी शहराच्या मधोमध वाहते आणि तिच्यात मगरी राहतात, हे बडोदेकरांना सांगायला नको. पण झाड बघायच्या नादात माणूस दोन पावलं खाली उतरतो. ती दोन पावलं उतरू नका.

नोंदीचं जवळजवळ सगळं काम पुलांवरून, काठच्या रस्त्यांवरून आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवरून होतं. थंडीत मगरी ऊन खायला काठावर येऊन पडतात आणि चिखलाच्या रंगात मिसळून जातात. फेब्रुवारीपासून त्या काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालतात, पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. या काळात मादी घरट्याजवळच असते. काठाच्या उतारावर घसरगुंडीसारखी गुळगुळीत, ओली वाट दिसली तर तो तिचा जायचा-यायचा रस्ता समजा आणि तिथून मागे फिरा. संध्याकाळी जाऊ नका, कुत्रा बरोबर नेऊ नका, एकटे जाऊ नका. पावसाळ्यात, विशेषतः आजवा सरोवराचं पाणी नदीत सुटलेलं असताना, काठाकडे फिरकायचंच नाही.

मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिचं घरटं मोडणं हा गुन्हा आहे, मग ते मोडणारा झाडं काढायला का आलेला असेना. हा मुद्दा पुढे अरजीत कामाला येतो.

## २. केव्हा जायचं, बरोबर काय घ्यायचं

ऑक्टोबर ते जानेवारी हा उत्तम काळ. पूर ओसरलेला असतो, बहुतेक झाडं पानांनी भरलेली असतात, काहींना फुलं-शेंगाही असतात. फूल किंवा शेंग नसेल तर ओळख कच्ची राहते.

बरोबर घ्यायच्या वस्तू मोजक्याच:

- लोकेशन चालू केलेला फोन आणि पॉवर बँक
- दुर्बीण (साधी चालते, काठावर न उतरण्यासाठी हीच खरी सोय)
- वही-पेन, कारण उन्हात फोनचा पडदा दिसत नाही
- पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट
- पट्टी किंवा नाणं, रस्त्याकडेच्या रोपाच्या फोटोत माप कळावं म्हणून

गाजरगवताला उघड्या हातांनी हात लावू नका. त्याने अंगावर पुरळ उठतं, दमा असलेल्यांना त्याच्या परागकणांचा त्रास होतो.

## ३. ओळख पटवा

यात घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. प्रत्येक आगंतुकाला आपल्याकडचा कुणीतरी जुळा असतो. दोघांतला फरक कळला की अर्धं काम झालं.

वेडी बाभूळ (गुजरातीत गांडो बावळ, शास्त्रीय नाव प्रोसोपिस जुलिफ्लोरा, काही अ‍ॅपवर आता नेल्टुमा जुलिफ्लोरा). मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आली आणि पुढे गुजरातेत खारी जमीन आणि रण रोखण्यासाठी मुद्दाम लावली गेली. तिच्या गोड शेंगा गुरं-शेळ्या खातात, शेणातून बी सर्वत्र पसरतं, आणि पुराचं पाणी ते काठाने पुढे नेतं.

हिची गल्लत होते देशी बाभळीशी, आणि हीच गल्लत सगळ्यांत महाग पडते. फरक असे पाहा. देशी बाभळीचं फूल म्हणजे पिवळाधमक गोल गोंडा. वेडीचं फूल बोटभर लांब, फिकट हिरवट-पिवळा तुरा. देशी बाभळीची शेंग राखाडी, दोन बियांच्या मध्ये आवळलेली, मण्यांची माळ ओवल्यासारखी. वेडीची शेंग वाळक्या गवताच्या रंगाची, सलग, किंचित वाकलेली. पानही वेगळं: देशी बाभळीच्या पानात बारीक पर्णिकांनी भरलेल्या पिसांसारख्या उपपानांच्या अनेक जोड्या असतात, वेडीच्या पानात अशा उपपानांच्या बहुधा एक ते तीनच जोड्या आणि त्यांवरच्या पर्णिका लांबट. देशी बाभळीचं खोड काळपट आणि खोल भेगांचं असतं, बहुतेकदा एकच खोड सरळ वर गेलेलं. वेडी बुंध्यापासूनच अनेक फांद्या फोडून झुडपासारखी पसरते. काट्यावरून ठरवू नका, काटे दोघींनाही असतात. फूल-शेंग दिसत नसेल तर नोंदीत ‘बाभळीसारखं, खात्री नाही’ असंच लिहा.

जलपर्णी (गुजरातीत जळकुंभी). दक्षिण अमेरिकेतली, शोभेची म्हणून आणलेली. फूल जांभळं, वरच्या पाकळीवर मोराच्या पिसातल्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. पुस्तकांत ‘देठ फुगीर असतो’ असं दिलेलं असतं आणि नवखे तिथेच फसतात. मोकळ्या पाण्यातल्या सुट्या रोपाचा देठ फुगीर आणि स्पंजासारखा असतो. दाट थर झाला की तीच रोपं उंच होतात आणि देठ लांब, सडपातळ होतो. म्हणजे सगळ्यांत मोठ्या प्रादुर्भावाच्या जागी पुस्तकातली खूण सापडत नाही. तिथे पान पाहा: जाड, चकचकीत, गोलसर. पान मखमली, फिकट हिरवं, देठाशिवाय कोबीच्या गड्ड्यासारखं पाण्यावर बसलेलं असेल तर ते गोंडाळ. तेही माजतं, पण वेगळं नोंदवा.

जलपर्णी दाट दिसली की आजूबाजूला सांडपाण्याचं तोंड शोधा. मैलापाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे तिचं खत. अनुकूल दिवसांत तिचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो, आणि तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पूर तिला वाहून नेतो, हिवाळा-उन्हाळ्यात ती परत येते. म्हणून कांस (पाणी वाहून नेणारा नाला) किंवा गटाराचं तोंड त्याच नोंदीत टिपून घ्या.

बेशरम (आयपोमिया कार्निया). फिकट गुलाबी-जांभळं भोंग्यासारखं फूल, हृदयाकृती पान, देठ मोडला की पांढरा चीक. तोडलेल्या फांदीचा तुकडा ओल्या मातीत पडला की तिथे नवं झाड उभं राहतं. शेळ्या बहुधा टाळतात, आणि सवयीने खाल्लंच तर विषबाधा होते. जुळा: नाळीची भाजी. फूल तसंच, पण ती पाण्यावर पसरते, दांडा पोकळ, पान बाणाच्या टोकासारखं. ती आपली आहे, तिला हात लावायचा नाही.

गाजरगवत. पान गाजराच्या पानासारखं, फुलं बारीक पांढरी. भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली. फुलण्याआधी ओळखता आलं पाहिजे: तेव्हा ते जमिनीला चिकटलेल्या पानांच्या चक्राच्या रूपात असतं. पानं कुरतडणारे पांढुरके, काळ्या रेघांचे भुंगे त्यावर दिसले तर मारू नका. ते १९८४ पासून त्याच कामासाठी भारतात सोडलेले मेक्सिकन भुंगे आहेत.

शंकेश्वर (गुजरातीत गाडरियुं). आकड्यांची फळं कपड्यांना चिकटतात, पान खरखरीत. औषधी गोखरू जमिनीवर पसरतो, फूल पिवळं, तो वेगळा.

घाणेरी आणि सुबाभूळ बहुतेकांना माहीत असतात. घाणेरीचं खोड चौकोनी, पान चुरगळलं की उग्र वास. सुबाभळीला काटे नाहीत, फूल पांढरा गोंडा, तपकिरी चपट्या शेंगांचे घोस.

आणि पाणकणीस (घाबाजरियुं). तक्रारींत हे नेहमी ‘जंगली वेल’ किंवा ‘गवत’ म्हणून येतं. ते इथलंच आहे. सांडपाणी मिळाल्यावर ते माजतं हे खरं, पण पक्षी त्यात घरटी करतात आणि काठ त्याने धरलेला असतो. त्याला आगंतुकांच्या यादीत घालू नका.

## ४. फोटो असे काढा

एका जागेचे चार फोटो पुरतात: लांबून पूर्ण पट्टा, एक झाड अख्खं, पान जवळून, फूल किंवा शेंग जवळून. लांबच्या फोटोत पूल, देवळाचा कळस, इमारत, काहीतरी हमखास ओळखू येईल असं घ्या. कार्यालयात बसलेल्या माणसाला अक्षांश-रेखांशापेक्षा भीमनाथ पुलाचा कठडा लवकर कळतो.

तीन सापळे आहेत.

पहिला: फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की त्यातली जागेची माहिती निघून जाते. सोबत्याकडून फोटो घ्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

दुसरा: पुलावरून फोटो काढला की फोन पुलाचीच जागा नोंदवतो. झाड असतं पन्नास-साठ मीटर पलीकडे, कधी दुसऱ्या काठावर. नकाशावरची खूण बोटाने सरकवून झाडावर आणा.

तिसरा: लष्कराच्या हद्दीजवळ फोटो काढायचे नाहीत, आणि कुठल्याही संस्थेच्या आवारात जायचं तर आधी परवानगी घ्यायची.

‘डावा काठ, उजवा काठ’ लिहिताना नदी ज्या दिशेने वाहते तिकडे तोंड करून उभं राहा. शहरात विश्वामित्री ढोबळमानाने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, म्हणून मांडवी-दांडिया बाजाराकडचा तो डावा आणि सयाजीगंजाकडचा उजवा. ती इतकी वळणं घेते की तरीही दिशेबरोबर भागाचं नाव लिहावंच.

## ५. आधी अ‍ॅपवर नोंद, मग अरजी

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, दोन्ही मोफत आहेत. नोंद टाकली की इतर जाणकार ओळख तपासतात. आयनॅचरलिस्टवर पुरेशी सहमती झाली की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ मिळतो. अरजीला जोडायला हा पुरावा भक्कम ठरतो, कारण मग ‘हे वेडी बाभूळ कशावरून?’ या प्रश्नाचं उत्तर तयार असतं.

अ‍ॅप फोटोवरून नाव सुचवतं, पण पहिलं नाव डोळे मिटून निवडू नका. बाभूळवर्गीय झाडांत त्याचा अंदाज सहज चुकतो. खात्री नसेल तर वरच्या गटाचंच नाव द्या, बाकीचं जाणकार पाहतील. कमाटी बागेत किंवा कुणाच्या कुंपणाला मुद्दाम लावलेली घाणेरी असेल तर ‘लागवड केलेली’ ही खूण करा, नाहीतर नकाशा खोटा बोलतो.

## ६. अरजी कुणाकडे आणि कशी

शहराच्या हद्दीत: आपल्या भागाचं महानगरपालिकेचं वॉर्ड ऑफिस, आणि एक प्रत पालिकेच्या उद्यान खात्याला. हद्दीबाहेर: ग्रामपंचायत आणि तलाटी, वर मामलतदार. मगरींचा वावर असलेल्या कुठल्याही पट्ट्यासाठी एक प्रत वनखात्याला द्यायचीच. सांडपाण्याचं तोंड सापडलं असेल तर गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बडोद्यातल्या कार्यालयालाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. तुमची यादी त्या नोंदवहीसाठीही उपयोगी आहे; अरजीत तसं एक वाक्य घाला.

कागद:

- अरजीच्या दोन प्रती, गुजरातीत (आपण घरी मराठी बोलतो, पण टेबलावरच्या माणसाने एका दमात वाचावी म्हणून)
- रंगीत फोटोंची प्रिंट, प्रत्येकावर तारीख आणि जागा
- नकाशाची एक प्रिंट, त्यावर हाताने काढलेला पट्टा
- अ‍ॅपवरच्या नोंदींची लिंक
- ओळखपत्राची झेरॉक्स, मागितलीच तर

अरजी एका पानाची असू द्या. मजकूर साधारण असा:

*विषय: ___ पुलाच्या दक्षिणेस डाव्या काठावरील वेडी बाभूळ व बेशरम यांच्या निवडक काढणीबाबत.*

*पुलापासून अंदाजे ___ मीटरपर्यंतच्या पट्ट्यात वरील दोन वनस्पती वाढल्या आहेत. फोटो १ ते ४ जोडले आहेत. याच पट्ट्यात करंज, देशी बाभूळ व पाणकणीस आहे (फोटो ५ व ६), ते ठेवावेत. येथे मगरींचा वावर असल्याने काम वनखात्याच्या सल्ल्याने व अंडी घालण्याचा काळ टाळून करावे. काढणी शक्यतो मजुरांकडून, टप्प्याटप्प्याने व्हावी आणि मोकळ्या जागी देशी रोपे लावावीत.*

‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द गाळू नका. वेडी बाभूळही तिच्या परीने माती धरून असते. एका आठवड्यात सगळा उतार बोडका केला तर पहिल्या पुरात काठच खचतो.

अरजी देण्याआधी त्या पट्ट्यात सरपण गोळा करणाऱ्यांशी बोला. अनेक घरांची चूल वेडी बाभळीवर पेटते. कुठली झाडं परत परत फुटतात, मगर कुठे बसते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, आणि काढलेलं लाकूड त्यांनाच मिळावं अशी विनंती अरजीत करता येते.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तो नंबर नसेल तर पाठपुरावा करायला तुमच्या हातात काही राहत नाही.

## ७. पाठपुरावा

दोन-तीन आठवड्यांनी इनवर्ड नंबर घेऊन जा आणि फाइल कुठल्या टेबलावर आहे एवढंच विचारा. आवाज चढवून उपयोग होत नाही. नीट माहिती घेऊन आलेला माणूस लोकांच्या लक्षात राहतो आणि पुढच्या वेळी तेच स्वतःहून सांगतात. तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करून ‘या अरजीवर काय कार्यवाही झाली’ असं विचारा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. २००३ पासून चालू असलेला राज्याचा ‘स्वागत’ तक्रार निवारण कार्यक्रम तालुका आणि जिल्हा पातळीवरही चालतो, तिथेही ही कागदपत्रं नेता येतात.

तक्रार ‘निकाली’ दाखवली तर त्याच जागेचा, त्याच कोनातून नवा फोटो काढा. जुना-नवा शेजारी ठेवून उत्तर पाठवा.

## ८. काम सुरू झाल्यावर

शक्य असेल तर त्या दिवशी वर रस्त्यावर हजर राहा. ठेवायच्या झाडांना आदल्या दिवशी पालिकेच्या माणसांबरोबर रंगीत फीत बांधून घ्या; मुकादमाला झाडांची नावं सांगण्यापेक्षा फीत दाखवणं सोपं जातं.

वेडी बाभूळ जमिनीच्या वर छाटली की बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. ती मुळाच्या मानेखाली, म्हणजे खोड मुळाला मिळतं त्याच्याही खाली, तोडावी लागते. बेशरमाचे तुकडे काठावर पडू देऊ नका. जलपर्णी काढून पाण्यालगतच ढीग घातला तर पहिल्या पावसात ती पुन्हा नदीत जाते. तो ढीग पूररेषेबाहेर न्यायला सांगा. तिथे वाळवून तिचं खत करता येतं, पण सांडपाण्यात वाढलेली असेल तर ते भाजीच्या मळ्यात घालू नये. गाजरगवत फुलण्याआधीच, हातमोजे आणि मास्क घालून उपटायचं. काहीही जाळायचं नाही.

पावसाळ्यानंतर त्याच पट्ट्याची नवी नोंद टाका. गाळात दडलेलं बी तेव्हाच वर येतं, आणि वीतभर उंचीची वेडी बाभूळ काढायला जेसीबी लागत नाही.